सातशे चौपन्न पाय

रकानेबाईंनी बटण पुन्हा दाबलं. तक्ता क्षणभर पांढरा झाला, पुन्हा भरला, आणि तळाशी तोच आकडा येऊन बसला. एक हजार एकशे पन्नास.

"एकोणीसशे चार होते की रे मेल्या!" बाई कॉम्प्युटरवर ओरडल्या. "कालपर्यंत एकोणीसशे चार होते!"

पाठीमागे कारखान्यातले सगळ्यात जुने कारागीर, वस्ताद, तपकिरी बूट हातात धरून उभे होते. बाहेरच्या बाकावर एक मुख्याध्यापिका एका पायात बूट आणि दुसरा पाय वर्तमानपत्रावर टेकवून पाऊण तास बसल्या होत्या. त्या अधूनमधून घड्याळाकडे बघत होत्या, आणि ते बघणं आतपर्यंत ऐकू येत होतं.

कारखाना बुटांचा होता, पण दुकानात मिळतात तसल्या बुटांचा नव्हे. ज्यांचे दोन पाय एकमेकांशी पटवून घेत नाहीत, एक आखूड, एक वाकडा, एखाद्याला बोटंच नाहीत, अशांचे बूट इथे व्हायचे. प्रत्येक अशा पायाचा एक लाकडी फर्मा, म्हणजे त्या पायाची हुबेहूब नक्कल. तिच्यावर चामडं ताणून बूट शिवायचा. मागच्या लांबलचक खोलीत असे एकोणीसशे चार लाकडी पाय खुंट्यांना टांगलेले होते. प्रत्येकाच्या टाचेवर आकडा. नाव नाही, गाव नाही, नुसता आकडा. कोणता आकडा कोणाचा, हे पूर्वी जाडजूड वह्यांत असायचं, आता कॉम्प्युटरमध्ये होतं: गिऱ्हाइकांचा एक तक्ता, पायांचा एक, फर्म्यांचा एक, तिन्ही एकमेकांना बांधलेले. हे तक्ते उघडून बघायचं, शोधायचं, दुरुस्त करायचं जे ॲप होतं त्याचं खरं नाव कोणाच्या जिभेवर बसेना, म्हणून सगळे त्याला ‘कपाट’ म्हणत. कपाट बाईंनी आणलं. वह्या रद्दीत घातल्या त्याही बाईंनीच, अख्ख्या कारखान्याशी भांडून. रकानेबाई हे नाव त्यांना तेव्हा जे चिकटलं ते चिकटलंच.

"वस्ताद, काल दुपारी कपाटाला हात लावला होतात तुम्ही?"

"लावला होता की. तुम्ही दात दाखवायला गेला होतात. मला एका टपालवाल्याचा फर्मा हवा होता, तो सापडेना. तेच सांगायला आलो सकाळी. म्हटलं ना मी, बाई, कपाटात माणसं कमी दिसतायत?"

"काय दाबलंत?"

"नाव टाकलं. तुम्ही शिकवलं तसं."

"आणि?"

वस्तादांनी बूट या हातातून त्या हातात घेतला. "आणि बंद करताना त्याने काहीतरी विचारलं. बारीक अक्षरात. मी हो म्हटलं."

"काय विचारलं?"

"चष्मा कपाळावर होता, बाई."

बाईंनी कपाळाला हात लावला. शिकवावं, दहादा शिकवावं, वर कागदावर लिहून भिंतीला चिकटवावं, आणि शेवटी चष्मा कपाळावर! पण घाबरायचं कारण नव्हतं. दर शुक्रवारी त्या सगळ्या तक्त्यांची एक प्रत छोट्या डिस्कवर उतरवून ठेवत. गेल्या शुक्रवारची प्रत होती, शिवाय तीन महिन्यांपूर्वीची एक होती. आपल्या या शिस्तीचा त्यांना अभिमान होता आणि तो त्या लपवतही नसत. त्यांनी शुक्रवारची प्रत काढली, आजच्या तक्त्यांवर घातली आणि मुख्याध्यापिकांचं नाव टाकलं.

नाही.

टपालवाल्याचं टाकलं. तोही नाही. तळाचा आकडा होता अकराशे सेहेचाळीस. म्हणजे शुक्रवारीसुद्धा ही माणसं कपाटात नव्हती! म्हणजे हे कालचं दुखणं नव्हतंच. म्हाताऱ्याने किती दिवसांपासून, किती वेळा, त्या बारीक अक्षरांना हो म्हटलं होतं कोण जाणे.

"मला त्यांचा पाय आठवतो," वस्ताद मागून हळूच म्हणाले. "उजवा. टाच आत वळलेली, घोट्यापाशी उंचवटा. बघतो मागे जाऊन."

"बघा," बाई दातओठ खात म्हणाल्या. "एकोणीसशेच तर आहेत."

वस्ताद मागच्या खोलीत गेले. बाईंनी तीन महिन्यांपूर्वीची प्रत काढली आणि तीही वर घातली. मुख्याध्यापिका तिच्यातही नव्हत्या. आता मात्र बाईंच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. डिस्कवरची ती शुक्रवारची प्रत त्यांच्याकडे बघून दात काढत असल्यासारखी वाटली, सडकी मेली, काय उपयोगाची, म्हणून त्यांनी ती निवडली आणि पुसून टाकली. पुसल्यावर जरा बरं वाटलं. मग नजर तळाच्या आकड्याकडे गेली.

एक हजार एकोणसाठ.

बाई खुर्चीत मागे टेकल्या. आताच्या तक्त्यांवर तीन महिन्यांपूर्वीचे तक्ते घातले, म्हणजे मधल्या तीन महिन्यांत आलेले नवे पाय गेले. आणि ते जिच्यात होते ती शुक्रवारची प्रत आत्ता, या हाताने, पुसली. मापाच्या चिठ्ठ्या? नोंद झाली की चिठ्ठी फाडायची, कागद साठवायचा नाही, हा नियम कोणाचा? बाईंचाच. त्यांनी बोटांवर हिशेब केला, पुन्हा केला. एक्क्याण्णव. एक्क्याण्णव पाय त्यांनी स्वतः, शुद्धीत, भर दुपारी घालवले होते.

तेवढ्यात वस्ताद एक फर्मा घेऊन आले आणि बाहेर मुख्याध्यापिकांच्या पायाशी बसले. त्यांनी फर्मा पायाला लावून बघितला. टाच जुळत नव्हती. दुसऱ्याच कोणाचा तरी होता. मुख्याध्यापिका "असू दे, पुन्हा येईन," म्हणाल्या आणि जुन्या बुटात पाय कोंबून लंगडत निघून गेल्या. वस्ताद तिथेच उकिडवे बसून राहिले. हातातल्या फर्म्याकडे बघत बसले, नंतर हाताकडे.

मालक आले ते चार वाजता. कोणीतरी आधीच कान भरले होते.

"किती गेले?"

बाईंनी पडद्याकडे बघितलं. एकोणीसशे चारमधून हजार एकोणसाठ गेले की जे उरतं, ते त्यांनी सांगितलं. "आठशे पंचेचाळीस."

आकडा खोटा नव्हता. कोणाचे किती, हे मालकांनी विचारलं नव्हतं.

"आठशे... अहो, हा कारखाना आहे की स्मशान? कोणी केलं हे?"

बाईंनी माउस उगाच इकडून तिकडे सरकवला. दारातून वस्ताद म्हणाले, "मीच केलं असणार."

"असणार म्हणजे?"

"म्हणजे केलंच. काल मी बसलो होतो. त्याने विचारलं, मी हो म्हटलं. आधीही केलं असेल. मला आठवत नाही."

मालक वयाने वस्तादांच्या निम्मे. लहानपणी याच माणसाच्या खांद्यावर बसून त्यांनी कारखाना बघितला होता. त्यामुळे ते आरडाओरडा न करता खाली बघून म्हणाले, आणि ते जास्त वाईट होतं, "वस्ताद, उद्यापासून घरीच आराम करा. तुमचं वय झालं. लागलं तर बोलावू."

वस्तादांना कारखान्यात अडतीस वर्षं झाली होती. बाईंनी तोंड उघडलं. एक्क्याण्णव माझे आहेत, एवढंच म्हणायचं होतं, तीन शब्द. पण मालक वळले होते, वस्ताद गळ्यातला एप्रन सोडत होते, आणि मूळ आग यांनीच लावली ना, मग माझे चार निखारे त्यात वेगळे कशाला मोजायचे, असा विचार आला नि तोंड पुन्हा मिटलं.

गुरुवार आणि शुक्रवार म्हणजे नुसता वैताग. फोन वाजायचा, कोणीतरी "माझा बूट झाला का?" विचारायचं, आणि बाई कपाटात नाव टाकायच्या. नाही. पुन्हा फोन, पुन्हा नाही. मागच्या खोलीत पाय सगळे जागच्या जागी टांगलेले, एकही हललेला नाही, आणि कोणता कोणाचा ते सांगायला कोणी नाही. शिलाईयंत्रावरच्या मावशी दोरा ओवता ओवता सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "वह्यांना वाळवी लागते म्हणत होत्या बाई. कपाटाला काय लागलं म्हणायचं?" बाईंनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मनातल्या मनात त्या वस्तादांना शिव्या घालत होत्या. दिवसातून वीसदा, न थकता. शिव्या घालणं थांबलं की एक्क्याण्णव आठवायचे.

शनिवारी अर्धा दिवस. सगळे गेले, बाई थांबल्या. निदान अलीकडे येऊन गेलेल्या माणसांना पुन्हा बोलावून मापं पडताळावीत असं त्यांनी ठरवलं होतं. कोण कधी आलं होतं तो रकाना तक्त्यात पार उजवीकडे, पडद्याच्या बाहेर होता. एरवी तिकडे कोणी जात नसे. त्यांनी खालची पट्टी ओढत ओढत उजव्या टोकाला नेली.

‘शेवटची भेट’ या रकान्याच्या डोक्यावर एक निळं नरसाळं होतं. नखाएवढं. आणि त्याच्या शेजारच्या चौकटीत, बाईंच्याच हाताने टाइप केलेलं: मागील चार वर्षे.

नरसाळ्याकडे बघताना बाईंना मंगळवारची सकाळ आठवली.

चार वर्षांत आलेल्या गिऱ्हाइकांना पत्रं पाठवायची होती. त्यांनी तक्ता गाळून घेतला, तेवढीच नावं ठेवली, यादी छापली. बंद करताना कपाटाने विचारलं होतं, हीच मांडणी जपून ठेवू का? दिवसातून दहादा काही ना काही विचारतंच ते. बाईंनी न वाचता हो म्हटलं होतं. त्यांचा चष्मा तर डोळ्यांवर होता.

आणि त्या बिचाऱ्या कपाटाने मांडणी जपली होती. कुठलीही प्रत त्याच्यासमोर ठेवा, शुक्रवारची ठेवा, तीन महिन्यांपूर्वीची ठेवा, ते इमानेइतबारे जुनी माणसं झाकून फक्त चार वर्षांतली दाखवत होतं. डोळ्यांवर पट्टी बांधून घ्यायची आणि घरात दिवा नाही म्हणून बोंबलायचं, त्यातला प्रकार.

त्यांनी नरसाळ्यावर टिचकी मारली. तक्ता पांढरा झाला आणि भरला. एक हजार आठशे तेरा. सातशे चौपन्न पाय परत आले. परत कुठले येतायत, गेलेच नव्हते कधी. मुख्याध्यापिका, उजवा पाय, फर्मा सहाशे बारा. बाई मागच्या खोलीत गेल्या. सहाशे बारा आपल्या खुंटीवर होता, टाच आत वळलेली, घोट्यापाशी उंचवटा.

आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. बरं, संन्यासीही असा की जो सगळ्यात आधी येऊन म्हणाला होता, बाई, माणसं कमी दिसतायत.

पण बाई पडल्या हिशेबी. वस्तादांच्या घराकडे निघाल्या तेव्हा वाटेतच त्यांनी मांडणी केली. आधी वस्तादांना सांगायचं, त्यांच्या जिवाला लागलेलं काढायचं. मग सोमवारी मालकांना म्हणायचं, कपाटात बिघाड होता, मी शोधून काढला, सातशे चौपन्न परत मिळाले. राहिलेले एक्क्याण्णव बिघाडाने खाल्ले. वस्ताद कामावर येतील, आपलंही नाक शाबूत राहील. सापही मरेल, काठीही मोडणार नाही. तिसऱ्या मजल्यापर्यंत जिना चढेस्तोवर त्यांना जवळजवळ हलकं वाटू लागलं होतं.

दार वस्तादांच्या लेकीने उघडलं. तिने बाईंना ओळखलं आणि दार मागे ओढून बाहेर आली.

"हळू बोला हं, ताई. आतच बसलेत. बुधवारपासून धड बोलले नाहीत."

"मला त्यांनाच भेटायचंय. चांगली बातमी आहे."

"त्यांनीच मला सांगितलं. म्हणाले, आठशे माणसं पुसली मी आणि मला आठवतसुद्धा नाही." तिने दाराच्या फटीतून एकदा आत बघितलं. "माझ्या सासूबाईंचं असंच सुरू झालं होतं, ताई. आधी बारीकसारीक. म्हणून मी रजा टाकून आले. सोमवारी डॉक्टरांकडे नेतेय. तोवर गॅसला हात लावू देत नाही. सुरीसुद्धा उचलून ठेवलीय."

ती बाईंना आत घेऊन गेली. दारामागे भिंतीवर चिठ्ठ्या होत्या. किल्ली घेतली का. नळ बंद केला का. अक्षर वस्तादांचं होतं.

वस्ताद खिडकीपाशी बसून मटार सोलत होते. अडतीस वर्षं चामडं कापायची रापी चालवलेल्या माणसाला लेकीने सुरी न लागणारं काम दिलं होतं. बाईंना बघून ते उठायला लागले.

"बसा हो, बसा. वस्ताद, तुम्ही काही केलेलं नाही." बाईंनी श्वास घेऊन एका दमात सगळं सांगितलं. मंगळवारची यादी, नरसाळं, मांडणी. "तुम्हाला जे विचारलं ना त्याने, ते फक्त बंद करू का एवढंच असणार. पट्टी मी बांधली होती. माणसं सगळी होती तिथेच!"

वस्तादांनी सगळं ऐकून घेतलं. मग ते हसले. लांबून आलेल्या पाहुण्यासाठी हसतात तसं.

"तुम्ही एवढ्या आलात, बाई. बरं वाटलं."

"बरं वाटावं म्हणून नाही आले मी! खरंय ते!"

"ताई," लेक हळूच म्हणाली, "तुमचं मन चांगलं आहे. पण अशी उगाच आशा लावू नका हो. डॉक्टरांसमोर त्रास होतो मग."

"अहो, आशा कसली? चूक माझी आहे म्हणतेय मी!"

"असू द्या," वस्ताद म्हणाले. "मी मालकांसमोर कबूल केलंय. न केलेलं माणूस कबूल करतो का?"

"करतो! मी करायला लावलं तुम्हाला!"

"आणि त्या बाईंचा फर्मा? तोही चुकलाच की. पूर्वी डोळे मिटून सापडायचा मला." त्यांनी एक शेंग उचलली, दाबून फोडली. "हातालाच कळेनासं झालंय. त्याला तुम्ही काय करणार?"

बाईंना रडावं की ओरडावं ते कळेना. जन्मात कधी नव्हे ते स्वतःची चूक सांगायला तीन मजले चढून आल्या, तर ही दोघं त्यांचीच समजूत घालत होती! काय करावं यांना? कॉम्प्युटर उचलून इथे आणावा? आणला तरी ते नखाएवढं नरसाळं बघून म्हणतील, बाई, किती धडपड करताय आमच्यासाठी.

"मालकांना सांगितलंत हे?" लेकीने विचारलं.

"नाही अजून. सोमवारी सांगणार आहे."

"हां," लेक म्हणाली.

एवढंच म्हणाली. पण त्या ‘हां’मध्ये काय होतं ते बाईंना नीट कळलं. मालकांना सांगायचं नाही, इथे येऊन मात्र गोड बोलून जायचं. बाईंनी पर्समधून फोन काढला, मालकांचा नंबर लावला आणि फोन मटारच्या परातीशेजारी ठेवून स्पीकर सुरू केला.

"बोला मॅडम. शनिवारी?"

"साहेब, सातशे चौपन्न पाय गेलेच नव्हते. मी मंगळवारी तक्ता गाळला आणि तो तसाच राहिला. कपाट फक्त नवी माणसं दाखवत होतं. वस्तादांचा काही संबंध नाही."

"थांबा. तुम्ही तर आठशे पंचेचाळीस म्हणाला होतात. वरचे?"

बिघाडाने खाल्ले. वाक्य तयार होतं, वाटेत घोटून घोटून गुळगुळीत केलेलं. वस्ताद टरफलं एका बाजूला सारत होते. त्यांचं लक्षही नव्हतं.

"वरचे एक्क्याण्णव मी घालवले," बाई म्हणाल्या. "जुनी प्रत वर घातली आणि नवी रागाच्या भरात पुसून टाकली. तुम्ही विचारलंत तेव्हा मला माहीत होतं. मी गप्प बसले. वस्तादांच्या नावावर जाऊ दिले."

"काय?"

"हो."

"तुमचं डोकं ठिकाणावर आहे का हो, बाई?" मालकांचा आवाज खोलीत फुटला. "एक्क्याण्णव माणसं! मोठ्या शिस्तीच्या म्हणवता! वह्या रद्दीत घातल्यात ना तुम्ही? आणि मला गाढव बनवलंत! तुमच्या तोंडाकडे बघून मी त्या देवमाणसाला घरी बसवलं! ज्याने मला खांद्यावर खेळवलं, त्याला! सोमवारी तुम्ही येऊच नका माझ्यासमोर, समजलं का? काही लाज?"

आवाज थांबत नव्हता. शेजारच्या घरातला रेडिओ कोणीतरी बंद केला. लेक भिंतीला टेकून उभी होती, तिचा चेहरा लालबुंद झाला होता. वस्तादांच्या हातातली शेंग तशीच राहिली होती. ते पुढे वाकले, आणखी वाकले, आणि त्यांनी कान फोनकडे केला.

"ताई," लेक ओशाळून पुटपुटली, "बंद करा ना तो स्पीकर."

बाईंनी आवाज वाढवला.